नाखवा होण्याची हौस

‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ हे वाक्य बदलापुरात कुणीही उच्चारावं, ऐकणारा मान डोलावतोच. कारण सरळ आहे. हे शहर त्याच वाक्यावर वाढलंय. गिरगावातली पागडीची खोली, परळच्या चाळीतलं पोटभाडं, डोंबिवलीतला अकरा महिन्यांचा करार, या सगळ्याला कंटाळलेली माणसं रुळांच्या कडेकडेने सरकत इथवर आली, ती दारावर आपल्या नावाची पाटी लागावी म्हणून. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. शिरगाव, कात्रप, बेलवलीच्या शेतांवर इमारती उठल्या त्या या हट्टातून, आणि हट्ट चुकीचा नव्हता. पोटाला चिमटा काढून ज्यांनी हप्ते फेडले त्यांच्यावर आज भाड्यासाठी कुणाची मिनतवारी करायची वेळ येत नाही.

अडचण एवढीच की एका जागी खरं ठरलेलं वाक्य माणूस सगळीकडे सोबत घेऊन हिंडतो. शिरगावात गळाने मासे गरवणाऱ्यांचं एक टोळकं आहे. पावसाच्या पहिल्या सरींना उल्हास नदीच्या ओढ्यांत वलगणीचे मासे पकडण्यापासून यांची सुरुवात, मग बॅरेजच्या खालचे डोह, आणि आता काही वर्षं रायगडचा किनारा. रेवदंड्याला नाहीतर मुरूडला जायचं, एखादी बोट दिवसभरासाठी ठरवायची, खडपांवर गळ सोडायचे. या मंडळींतले एक स्नेही गेले काही महिने हिरिरीने एकच गोष्ट मांडताहेत: भाडं देणं बंद करा, चौघांनी मिळून आपली होडी घ्या. त्यांचं म्हणणं आता इतर दोन-तीन ठिकाणीही कानावर येऊ लागलंय आणि ऐकणारे माना डोलावताहेत, म्हणून हा प्रतिवाद.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती बावळट नाही. ते म्हणतात, भाड्याच्या बोटीवर वेळ बोटवाल्याची, जागा बोटवाल्याची, मासा लागायला सुरुवात झाली की ‘चला, पाणी उतरतंय’ हेही बोटवाल्याचंच. पैसे आपले आणि हुकूम त्याचा. ऐन हंगामात बोट मिळत नाही, मिळाली तर सुरक्षा कवचं फाटकी. शिवाय दर वर्षी दर वाढतो. आपली होडी असेल तर मनात आलं की निघालो. चार पैसे जातील, पण वस्तू आपली राहील. आणि मग कागद.

कागदावर असं आहे: जुनी फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिनासकट, सहा लाख. चौघांत दीड-दीड लाख. भाड्याची बोट दिवसाला आठ हजार. वर्षाला तीस फेऱ्या धरल्या तर दोन लाख चाळीस हजार. म्हणजे अडीच वर्षांत होडी फुकट.

हा कागद पाहून मला प्रथम त्या आठ हजारांबद्दल विचारावंसं वाटतं. त्यात काय काय येतं? डिझेल येतं. बोट हाकणारा तांडेल येतो. नांगर टाकणारा, काढणारा, आमिष कापून देणारा एक गडी येतो. बोट बुडाली, इंजिन बिघडलं, तळाला भोक पडलं तर तो खर्च बोटवाल्याचा, हेही येतं. स्वतःच्या होडीत यातलं काहीच येत नाही. प्रत्येक फेरीला पेट्रोल घालावं लागेल आणि तांडेलही घ्यावाच लागेल, कारण चौघांपैकी एकालाही कुंडलिका नदीच्या मुखातून होडी बाहेर काढता येत नाही. हे फेरीला पाच हजार धरू. आता न चुकणारे वार्षिक खर्च. होडी शिरगावात राहणार नाही, किनाऱ्यावर राहणार. तिच्यावर नजर ठेवणाऱ्याला महिना चार हजार म्हटले तरी वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. पावसाळ्याआधी ओढून वर घेणं, शाकारणं, सप्टेंबरात खरवडून रंगवणं, पुन्हा पाण्यात लोटणं याचे पंचवीस. इंजिनाच्या देखभालीचे वीस. विमा आणि कागदपत्रं यांचे सात. झाले लाख. सहा लाखांच्या वस्तूची किंमत वर्षाला साठ हजारांनी तरी घसरणार. एकूण एक लाख साठ हजार, होडी एकदाही न हलवता.

फेरीमागे वाचतात किती? आठातून पाच गेले, तीन हजार. एक लाख साठ हजार भागिले तीन हजार, म्हणजे त्रेपन्न. मालकी आणि भाडं यांची नुसती बरोबरी व्हायला वर्षाला ५३ फेऱ्या हव्यात. वर्षात रविवार ५२ असतात.

यातले काही आकडे स्नेह्यांचे आहेत, काही माझ्या अंदाजाचे. कुणीही आपापल्या बंदरावर विचारून ते बदलून घ्यावेत. त्रेपन्नाचे चाळीस होतील, फार तर पस्तीस. त्याने भागत नाही, कारण खरी मेख पैशांत नसून पंचांगात आहे.

यांत्रिक नौकांना राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये बंदी उठते, पण नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिला म्हणून दर्या लगेच शांत होतो असं नाही. छोट्या होडीने हौसेखातर बाहेर पडायला ऑक्टोबर उजाडतो. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने, म्हणजे साधारण पस्तीस रविवार. आता भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. म्हणजे त्या दिवशी पहाटे सहाला खाडी रिकामी असते आणि आपली होडी चिखलात बसलेली असते. कशीबशी बाहेर काढली तरी पाण्याची ओढ इतकी, की शिसं तळाला टेकत नाही. भांगाच्या दिवशी भरती पहाटे, निघायला सोपं, ओढही कमी. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्याचा चौथा भाग सव्वासात दिवसांच्या आसपास. म्हणून एक रविवार उधाणात सापडला की पुढचा भांगात आणि त्याच्या पुढचा पुन्हा उधाणात. चंद्राने नोकरदारांच्या रविवारांपैकी निम्मे असे परस्पर कापून नेलेत. उरले सतरा-अठरा. त्यांतून दिवाळी, लग्नसराई, दहावी-बारावीच्या परीक्षा, मार्चअखेर, सासुरवाडीची वास्तुशांत आणि ज्या रविवारी चौघांपैकी दोघंच मोकळे असतात तो वजा करा. दहा-बारा राहतील. मार्चनंतर दुपारी खारा वारा असा चढतो की लहान होडीला अकरापर्यंत परतावं लागतं, म्हणजे त्या दहा-बारांतलेही काही अर्धेच.

‘शनिवारही धरा’ असं उत्तर येईल. धरू. पण उधाण शनिवारी असतं तेव्हा रविवारीही असतंच. शिवाय शिरगावातून मध्यरात्री उठून निघायचं, खोपोली-पेणमार्गे किनारा गाठायचा, दिवसभर उन्हात बसायचं आणि रात्री वडखळच्या वाहतुकीतून परतायचं, हे लागोपाठ दोन दिवस करणारा माणूस मला दाखवा. सोमवारी त्याला सातची लोकल पकडायची असते.

‘मनात आलं की निघालो’ या वाक्याचा निकाल इथेच लागतो. मनात येण्यावर दर्याला काही घेणंदेणं नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी सहा लाख मोजायचे ते स्वातंत्र्य समुद्रकाठी राहणाऱ्याला थोडंफार मिळतं, कारण तो सकाळी दारात उभा राहून वारा पाहतो आणि ठरवतो. बदलापुरातून वारा दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी फ्लॅट घेणाऱ्याच्या ध्यानात चटकन येत नाही. रिकामा फ्लॅट पडून राहिला तर फारतर धूळ साचते, खालची जमीन मात्र महाग होत राहते. होडीखाली जमीन नाही, खारं पाणी आहे. वापरातली होडी टिकते, बसलेली खराब होते. आउटबोर्ड इंजिन प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर आतल्या वाटांत मीठ धरतं. तळाशी लावलेली जस्ताची पट्टी स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवते, ती वेळेवर बदलली नाही तर झीज इंजिनाच्या अंगावर येते. पाण्यात उभ्या होडीच्या तळाला शिंपले धरतात आणि जड झालेली होडी जास्त इंधन पिते. त्यात आता पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि दमट किनाऱ्यावर महिनाभर टाकीत राहिलेलं असं पेट्रोल थर सोडून वेगळं होऊ शकतं. महिन्यातून एकदा सुरू होणारं इंजिन नेमकं त्या एका रविवारी का खोकतं, याचं उत्तर बऱ्याचदा टाकीत असतं. नाखव्याच्या, म्हणजे बोटवाल्याच्या, इंजिनात इंधन मुक्कामाला राहत नाही, कारण बोट जवळजवळ रोज चालते.

या सगळ्याची काळजी कोण घेणार? चौघं. मराठीत यावर एक म्हण आहे आणि ती मुळात जनावराबद्दल असली तरी होडीला चपखल बसते: भागीचं घोडं किवणानं मेलं. चौघांच्या होडीला चार मालक असतात रविवारी; मंगळवारी फोन आला की ‘साहेब, रात्री पाणी शिरलंय’, तेव्हा एकही नसतो. एक ठाण्याला मीटिंगमध्ये, एक नाशिकला, एकाचा फोन लागत नाही आणि चौथा म्हणतो, मागच्या वेळी मीच गेलो होतो. शिरगावातल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जे एकदा बसलेत, त्यांना सामायिक मालकीबद्दल मी नवीन काही सांगायला नको. ज्यांना पाण्याच्या टाकीचा खर्च वाटून घेताना पोलीस बोलवावे लागतात, ते म्हणे होडीचं इंजिन वाटून घेणार. (होडी ट्रेलरवर घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवण्याचीही एक सूचना आली होती. ती ठरावाला आली तर मी मतदानाला नक्की जाईन, नुसतं पाहायला.)

आणि वादळ? नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं, ते हंगाम भरात असताना. ३ जून २०२०ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. इशारा मिळाला की होड्या ओढून वर घ्यायला, दोर दुप्पट करायला, इंजिनं उतरवून घरात न्यायला हातात एखादा दिवस असतो. निसर्ग आलं तेव्हा टाळेबंदी होती. सामान्य प्रवाशांना लोकल बंद होती आणि जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. शिरगावच्या मालकाने त्या दिवशी काय केलं असतं? टीव्ही पाहिला असता. होडी वाचली असती तर किनाऱ्यावरच्या कुणा कोळ्याने आपली आवरून झाल्यावर उपकार म्हणून ओढली म्हणून. दुसऱ्याच्या उपकारावर टिकणाऱ्या वस्तूला आपली म्हणायचं का, हा प्रश्न मला तरी पडतो.

कायद्याची बाजू स्नेही एका वाक्यात उडवतात, ‘कागदपत्रं करून घेऊ’. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. नौका नोंदवावी लागते, मासेमारीचा परवाना काढावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याला दहशतवादी आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीकडे पाहण्याची नजर बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. ठळक रंगवलेला नोंदणी क्रमांक, खलाशांची ओळखपत्रं, बंदरावर जाण्या-येण्याची नोंद. ही सगळी व्यवस्था मासेमारी हा ज्यांचा धंदा आहे अशा माणसांसाठी आखलेली आहे. हौसेची नौका म्हणून नोंदवायची तर वाट वेगळी, कार्यालय वेगळं, तपासणी वेगळी. पळवाट म्हणून कुणा ओळखीच्या मच्छीमाराच्या नावावर होडी ठेवायची, हाही सल्ला मिळतो. मग मालकी राहिली कुठे? सहा लाख तुमचे आणि कागद त्याचा. यापेक्षा भाडं जास्त प्रामाणिक.

इथवर पैसे, पंचांग, मीठ आणि कागद झाले. पण हे सगळं कुणी कसंबसं जमवलंच, निवृत्त झाला, रेवदंड्याला घर घेतलं, तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच. भाडं देऊन आपण बोट घेत नसतो, तांडेल घेत असतो. बोट त्याच्यासोबत येते.

समुद्रात मासा सगळीकडे नसतो. तांबोशी, हेकरू ही खडकाची माणसं, म्हणजे मासे. पाण्याखालच्या एखाद्या खडपावर असतात आणि त्याच्यापासून थोडं दूर गेलं की नुसती वाळू. ते खडप वरून दिसत नाही. तांडेल ते खुणांवर धरतो: किनाऱ्यावरच्या देवळाचं शिखर मागच्या डोंगराच्या खाचेत बसलं आणि दुसऱ्या अंगाने खांदेरीचं दीपगृह अमुक एका टोकाशी लागलं, की दोन रेषा जिथे कापतात तिथे नांगर. या खुणा बापाने मुलाला दाखवलेल्या असतात आणि शेजारच्या नाखव्यापासून लपवलेल्या. जीपीएसने खुणांची सोय झाली हे मान्य. पण यंत्र जागा सांगतं, पाणी सांगत नाही. नांगर खडपाच्या कुठल्या अंगाला टाकला म्हणजे ओढीने होडी मागे जाऊन बरोबर त्याच्यावर ठरेल, किती दोर सोडायचा, पाणी फिरायला किती वेळ आहे आणि फिरल्यावर मासा तोंड लावतो की थांबतो, हे तांडेल पाण्याकडे पाहून ठरवतो. मतलई वारा पडला की किती वेळाने खारा सुटेल हे तो आभाळाकडे पाहून सांगतो. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो; गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. ज्याने ऑगस्टपासून रोज तिथून ये-जा केलीय त्यालाच ती माहीत. वर्षात बारा वेळा जाणारा माणूस हे कधी शिकणार?

म्हणून ‘चला, पाणी उतरतंय’ हे वाक्य, ज्याचा स्नेह्यांना इतका राग, ते मला भाड्यातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटतं. मासा लागत असताना उठायला सांगणारा माणूस सोबत असणं यासाठीच पैसे मोजायचे. आपल्या होडीवर ते कोण सांगणार? चौघंही मालक. मालकाला उठवायची छाती पगारी तांडेलाला होत नाही.

‘आम्ही उल्हासच्या काठी वाढलो, आम्हाला पाणी नवं नाही’ असंही ऐकलं. नदी ओळखीची आहे असं मानणाऱ्यांनी २७ जुलै २०१९ आठवावा. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना काढायला एनडीआरएफच्या होड्या आणि नौदलाची मदत लागली. त्या रात्री नदी इतकी पसरेल हे काठावर राहणाऱ्यांनाही उमगलं नव्हतं. समुद्राशी तर आपली ओळखच नाही.

स्नेह्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो मी उडवणार नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसं होती असं नंतर पुढे आलं. भाड्याच्या बोटींचा कारभार कित्येक ठिकाणी असाच ढिसाळ आहे. मासेमारीचा परवाना असलेली बोट प्रवासी वाहतुकीला चालत नाही, तरी हौशी गळवाल्यांना त्याच बोटी नेतात, आणि काही झालं तर विमा हात वर करतो. हे सगळं खरं. पण यातून ‘म्हणून मी स्वतः सुकाणू धरतो’ हे कसं निघतं? २४ ऑक्टोबर २०१८ला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली बोट खडकावर आपटून बुडाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. ती मुंबईच्या तोंडाशी, सरकारी कार्यक्रमाला, नेहमीच्या चालकाच्या हाती चाललेली बोट होती. ज्या पाण्यात रोज जाणारा चुकतो तिथे महिन्यातून एकदा जाणारा चुकणार नाही, असं मानायला बराच आत्मविश्वास लागतो. नियम पाळणारी बोट मागा, सुरक्षा कवच अंगावर चढवल्याशिवाय पाय ठेवू नका, माणसं मोजा, जास्त असतील तर उतरा. आणि सरकारकडे जोर लावायचाच असेल तर यासाठी लावा: मच्छीमाराला आपल्याच बोटीतून चार हौशी माणसांना गळाला नेण्याचा सुटसुटीत, तपासणीचा आणि विम्याचा परवाना मिळू दे. आज मासेमारी एका दाराशी आणि प्रवासी वाहतूक दुसऱ्या दाराशी, अशी त्याची फरपट आहे.

खरंतर भाड्याची लाज बदलापूरकराला वाटायचं कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून ६८ किलोमीटर. आपण तिथवर रोज दुसऱ्याच्या गाडीने, दुसऱ्याच्या मोटरमनच्या भरवशावर जातो आणि महिन्याचा पास काढतो. पासाचे पैसे पाण्यात गेले असं कुणी म्हणत नाही, गाडी विकत घ्यायची भाषा तर नाहीच.

मग ही ओढ कसली? माझ्या मते माशांची नाही, नाखवा होण्याची. होडीच्या नाळेवर आपण ठेवलेलं नाव असावं, बंदरावर कुणी ‘नाखवा’ म्हणून हाक मारावी. माणसाची हौस आहे, तिला हसायचं कारण नाही. पण मग ती हौस म्हणूनच बोलावी, बचतीचा कागद कशाला फडकवायचा? आणि नाखवा होणं म्हणजे काय हे एकदा खऱ्या नाखव्याच्या ओसरीवर बसून ऐकावं. हंगाम सुरू होण्याआधी खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते, नाहीतर माणसं मिळत नाहीत. डिझेल आणि बर्फ उधारीवर, ती उधारी देणारा व्यापारीच मासळीचा भाव पाडणार. पूर्वी सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं घेऊन यांत्रिक नौका उभ्या राहिल्या, त्यांच्या थकबाकीचं ओझं कित्येक घरांनी वाहिलं. २०२०पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान आहे, सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ. उरलेला भाग तरी कर्जच. तो हे सगळं पेलतो, कारण त्याची बोट आठ-नऊ महिने जवळजवळ रोज कमावते, घरातली बाई टोपली घेऊन बाजारात बसते, होडी ओढायला वाडा धावतो. त्याच्यासाठी मालकी हाच धर्म आहे आणि माझा इथला एकही शब्द त्याला लागू नाही. रोज चालणाऱ्या बोटीची मालकी आणि महिन्यातून एकदा चालणाऱ्या होडीची मालकी यांची तुलना करून ‘तो घेतो तर आपण का नको’ असं विचारणं हा तर्क नव्हे.

आणखी एक. त्या कागदावरची सहा लाखांची जुनी होडी येते कुठून? बंदरावर विक्रीला उभ्या होड्या पाहिल्यात तर त्यांतल्या पुष्कळ अशा असतात, की मालकाला हप्ते झेपले नाहीत, किंवा मुलगा पनवेलला नोकरीला लागला आणि तांडेल म्हणून उभं राहायला घरात कुणी उरलं नाही. ती स्वस्त मिळते ती याचमुळे. आपण ती उचलली की किनाऱ्यावरून एक चालती बोट कमी होते आणि एक झाकून ठेवलेली वाढते. पुढच्या वर्षी ‘हंगामात बोट मिळत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांत आपणच पहिले.

स्नेह्यांचा शेवटचा सवाल असा: मग दर वेळी नवा बोटवाला, नवी घासाघीस, हे कायमचं का? मुळीच नाही. एक नाखवा धरा. दर वेळी शंभर रुपये कमी कोण घेतो हे पाहत बंदरभर फिरणं सोडा. तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून तो तुम्हाला ठरावीक जागीच नेतो, आपल्या चांगल्या खुणा फिरत्या गिऱ्हाइकाला कोण दाखवेल? पंचांग घेऊन बसा, ऑक्टोबर ते मेमधले भांगाचे रविवार काढा, त्यांतले दहा त्याच्याशी आधीच बांधून घ्या. वाऱ्यामुळे निघता आलं नाही तर त्या दिवसाचे अर्धे पैसे त्याचे, हे कबूल करा, म्हणजे भाडं बुडेल या भीतीने तो वाईट पाण्यात बोट काढणार नाही. मासा कुणाचा किती हेही आधीच बोला. मोठी तांबोशी लागल्यावर बोलायला गेलात तर दोघांचीही तोंडं कडू होतात. परवाना आणि विम्याचे कागद पाहायला मागा, तो रागावणार नाही. चौघांसाठी चांगल्या प्रतीची सुरक्षा कवचं स्वतः विकत घ्या. मालकीची हौस तिथे जरूर भागवा, ती शिरगावच्या माळ्यावर मावतात. आणि बयाणा द्यायचा तो जुलैअखेर द्या. दोन महिने बोट शाकारलेली, डिझेल भरायचंय, खलाशांची आगाऊ रक्कम द्यायचीय, नारळी पौर्णिमा तोंडावर. त्या आठवड्यात नाखव्याच्या हातात पैसा नसतो.